जास्तीचं पान

भाषांतराची स्तुती मान खाली घालून ऐकायची असते म्हणतात. माझ्या वाट्याला ती आली तेव्हा माझी मान खुर्चीवर मागे टेकवलेली होती, मी आ वासलेला होता आणि तोंडात दातांच्या डॉक्टरांची दोन हत्यारं होती.

"तुमचं पुस्तक वाचलं हं," डॉक्टर म्हणाले. "दुखलं तर हात वर करा. काय लिहितो हो हा जपानी माणूस! आणि तुम्ही असं उतरवलंय की परक्या देशात आहोत हे मला शेवटपर्यंत आठवलंसुद्धा नाही."

मी घशातून आवाज काढला. तो नम्रतेचा नव्हता. नम्रता मला एरवीही जमत नाही आणि या पुस्तकाच्या बाबतीत तर मी ती जवळपासही फिरकू देणार नव्हते. या लेखकाचं एक अक्षर आपल्या भाषेत कुणी आणलेलं नव्हतं. ते मी आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं, प्रकाशकाने तर हे कोण वाचणार म्हणून आधी नाकच मुरडलं होतं.

"आणि तो शेवट! 'दाराशी पाऊल वाजलं. आपण उठलो.' अंगावर काटा आला माझ्या."

मी हात वर केला.

"दुखतंय?"

दुखत नव्हतं. वाक्य चुकलं होतं. 'आपण उठलो' नव्हे, 'आम्ही उठलो'. पण कापूस काढून चूळ भरेपर्यंत डॉक्टर पुढच्या पेशंटशी बोलायला लागले होते, आणि मी अर्ध्या बधिर तोंडाने घरी आले.

हा एक शब्द मला का लागला ते सांगायला हवं. कादंबरी साधी आहे. समुद्राकाठच्या एका घरात एक कुटुंब रोज संध्याकाळी जेवायला बसतं. रोज एक पान जास्तीचं मांडलेलं असतं. ते कुणासाठी, हे लेखक सांगत नाही. अखेरच्या पानावर दाराशी पाऊल वाजतं आणि सगळे उठून उभे राहतात. संपलं. मूळ नावाचा अर्थ नुसता 'संध्याकाळचं जेवण' असा होतो. मी नाव ठेवलं 'पानं घेतली आहेत', आणि ते सुचलं त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

गंमत अशी की गोष्ट सांगणारं कोण, हे मूळ पुस्तकात कुठेच नाही. जपानी क्रियापदाला कर्ता लागत नाही. बसणं आहे, वाढणं आहे, उठणं आहे. बसलं कोण, उठलं कोण, ते मोघम. आपलं क्रियापद तसं गप्प बसत नाही. 'उठलो' म्हटलं की माणसं दिसतात, आणि माणसं दिसली की प्रश्न येतो, आम्ही की आपण? वाचकाला घरात घ्यायचं की बाहेर ठेवायचं? मी कितीतरी दिवस या एका शब्दापायी चिडचिड केली. शेवटी ठरवलं, बाहेर. ते कुटुंब कुणाला आत बोलावत नाही. वाचकाने खिडकीशी उभं राहून बघायचं. म्हणून आम्ही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही, आमचं, आम्हाला. त्या निर्णयाचा मला पुस्तकातल्या दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त अभिमान होता.

घरी ताईला सांगितलं. ताई माझी मोठी बहीण. ती सगळा जन्म छापखान्यात प्रुफं वाचत होती आणि निवृत्त झाल्यावर माझी प्रुफं वाचते. आमची पद्धत जुनी आहे. एकीने छापलेलं मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीने हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचं. ताईला त्याची इतकी सवय की घरातलं भांडणही ती "पूर्णविराम" म्हणून मिटवते.

"डॉक्टरांना दातापलीकडे काय दिसतंय," ताई म्हणाली. "तू आम्ही लिहिलंस, मी आम्ही वाचलं, आम्ही छापलं गेलं. पूर्णविराम."

मी तरी पुस्तक उघडून पाहिलं. 'दाराशी पाऊल वाजलं. आम्ही उठलो.' जिथल्या तिथे.

पुढचे काही आठवडे मी हवेत होते, हे कबूल करायला मला काडीची लाज वाटत नाही. पुस्तक हातोहात जात होतं. प्रकाशकाचं मुरडलेलं नाक सरळ झालं. फोन येत होते. रस्त्यात माणसं थांबवत होती. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी काचा पुसता पुसता सांगितलं की त्यांच्या घरी नवरा, सासू आणि त्या स्वतः एकच प्रत फिरवून वाचताहेत आणि कुणी कुणाला शेवट सांगायचा नाही असं ठरलंय. एका निवृत्त इंजिनिअरने बँकेच्या रांगेत मला आपली जागा दिली. इतकी वर्षं मी परक्यांची वाक्यं आपल्या भाषेत नांदवत आले, कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता लोक बघत होते. मी छाती पुढे काढून चालत होते.

एवढंच, की सगळे आपण म्हणत होते.

"आपण जेवायला बसतो ना, तो प्रसंग," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "आपल्या घरात तो समुद्राचा आवाज येतो ना," इंजिनिअर म्हणाले. मी दुरुस्त करायची. ते हसून मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा आपण.

शिवाय ते त्या जास्तीच्या पानाबद्दल बोलायचे. ते कुठे मांडलेलं असतं हे पुस्तकात नाही. मी शपथेवर सांगू शकते, प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून गेलेली आहे. पण इंजिनिअर म्हणाले, खिडकीकडे पाठ करून जी खुर्ची आहे तिच्यासमोर. चष्म्याच्या बाईही खिडकीच म्हणाल्या. त्यांनी वर सांगितलं की त्या खुर्चीवर हिरवी उशी आहे आणि तिचा एक कोपरा उसवून परत शिवलाय.

"पांढऱ्या दोऱ्याने," त्या म्हणाल्या. "हिरवा मिळाला नसेल."

मला ते ऐकून आनंदच झाला. वाचक पुस्तकात स्वतःची भर घालतात, आणि चांगल्या पुस्तकातच घालतात. ही अक्कल मी इतरांना कित्येक व्याख्यानांतून शिकवलेली आहे. घरी येऊन मी चहा घेतला, नेहमीच्या जागेवर टेकले आणि मग बसल्या बसल्या कपाकडे बघत राहिले. माझी जागा खिडकीकडे पाठ करून आहे. पाठीला उशी लागते. उशी हिरवी आहे. कोपरा ताईने शिवलाय, आणि त्या दिवशी घरात हिरवा दोरा नव्हता.

मी उशी उलटी करून ठेवली. ताईला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्या कॉलेजपासूनच्या ओळखीच्या, स्वभावाने रोखठोक. त्यांच्या हातून पुस्तक गेलं की ते कुणी आणि किती वाचलं हे त्या पानांच्या कडा बघून सांगतात. त्यांनी माझं पुस्तक काढून दाखवलं. नवं पुस्तक, पण कडा पार मऊ पडलेल्या.

"याला कपाटात टेकायला वेळच मिळत नाही," त्या म्हणाल्या. "तुझा अभिमान वाटतो गं मला. रविवारी वाचकांना एकत्र बोलावतेय, तू यायचंस."

"येते. आधी एक काम करा. शेवटची ओळ वाचून दाखवा. बोट ठेवून."

त्यांनी चष्मा सरळ केला. बोट शब्दाखालून सरकत गेलं. "दाराशी. पाऊल. वाजलं. आपण. उठलो."

त्यांचं बोट ज्या शब्दाखाली होतं तो मला स्पष्ट दिसत होता. आम्ही. म ला ह जोडलेला, वर दीर्घ वेलांटी.

"पुन्हा वाचा तो शब्द."

"आपण."

मी कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुढे केली. "जसा दिसतो तसा काढा."

त्यांनी काढला. कपट्यावर मलाही आपण दिसला. मी कपटा छापील शब्दाच्या शेजारी ठेवला. आ सोडला तर एक अक्षर दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

"हे दोन्ही सारखे आहेत?" मी विचारलं.

ग्रंथपाल बाईंनी कपट्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तुला वेगळे दिसतात?" त्यांनी हळूच विचारलं.

एखाद्याला ताप आहे का हे हात लावून बघावं तसा तो आवाज होता. मी विषय बदलला.

मी मुळात हिशेबी बाई आहे. डोळे तपासून घेतले, डोळे ठणठणीत. प्रकाशकाकडून आणखी दोन प्रती मागवल्या; दोन्हींत आम्ही. प्रकाशकालाच फोनवर वाचायला लावलं. त्याने आपण वाचलं आणि दुसऱ्या आवृत्तीची आनंदाची बातमी दिली. इतके लोक एकच चूक करत असतील तर चूक कुणाची, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही असं नाही. पण ते पुस्तक माझं होतं. लेखकाचं आणि माझं. त्यातला एक शब्द जग माझ्या हातून काढून घेत होतं आणि वर माझं अभिनंदन करत होतं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला.

सरांनी मला जपानी शिकवलं. त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. माझ्या पहिल्या भाषांतरावर ते एवढंच म्हणाले होते, कागद बरा वापरलाय. त्यांचा आवाज ऐकून मी फोनपाशी उभीच राहिले.

"पोरी," सर म्हणाले, "मूळ पुस्तक मी तीनदा वाचलंय. ते मला आत्ता कळलं. तुझ्यामुळे."

माझे डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत. या एका वाक्यासाठी मी अर्धं आयुष्य घासलं होतं आणि ते शेवटी मिळालं होतं.

"मी असतो तर आम्ही केलं असतं," ते पुढे म्हणाले. "आणि माती केली असती. आपण हा शब्द घेतलास तिथे तू मला मागे टाकलंस."

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण खोट्या शब्दाची शाबासकी मला पचणारी नव्हती. सरांची तर नाहीच.

"सर, मी आम्ही लिहिलंय."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.

"माझ्यासमोर आहे पुस्तक," ते म्हणाले.

"माझ्याही समोर आहे."

"आणि तुला आम्ही दिसतं?"

"हो."

मग त्यांचा आवाज अगदी मवाळ झाला. असा मवाळ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे तू अजून आलीच नाहीस होय," ते म्हणाले. "असू दे, असू दे. ये सावकाश."

फोन ठेवला गेला.

संध्याकाळ व्हायला आली होती. ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी तिच्यासमोर पुस्तक उघडून धरलं.

"वाच."

"आत्ता? हात ओले आहेत माझे."

"मी धरते. वाच."

ती प्रुफं वाचायच्या सुरात वाचायला लागली. "दाराशी पाऊल वाजलं पूर्णविराम आपण उठलो."

मी वाट बघितली. शेवटचा पूर्णविराम तिने वाचला नाही.

"ताई, प्रुफं वाचताना तू आम्ही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. तेव्हा तसंच होतं."

"मग?"

"मग काय? तेव्हा प्रूफ होतं ते. चुका शोधत वाचलं." तिने ताट पुसून रॅकमध्ये उभं केलं. "पुस्तक म्हणून मागच्या आठवड्यात वाचलं. दुपारी, तू बाहेर होतीस. फार छान जमलंय गं तुला. आपलं घर किती नीट आणलंयस."

"कुठलं घर?"

लहानपणी मी शाळेत डबा विसरून आले की ती बघायची, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. राग नाही, नुसती माया.

"रविवारी सगळे भेटतोय," ती म्हणाली. "मी थोडी आधी जाईन, ग्रंथपाल बाईंना मदत करायला. तू ये मागून. आम्ही तुझी वाट बघतो."

ती दुसरं ताट पुसायला लागली. मी तिथेच उभी राहिले.

आम्ही. इतक्या वर्षांत ताई मला आम्ही म्हणाली नव्हती. आईवडील गेल्यापासून या घरात आपणच होतो. आपण काय खायचं, आपण कधी झोपायचं, आपलं बिल भरायचं राहिलंय. ताई बाकीच्या जगाला आम्ही म्हणायची, आणि त्या आम्हीत मी असायची. आता ती मला म्हणाली, आणि त्यात मी नव्हते. एका साध्या शब्दाने मला माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी करून टाकलं. मला त्या क्षणी पुस्तकाचा, वाचकांचा, सरांच्या शाबासकीचाही राग आला. माझी बहीण मला परत हवी होती.

म्हणून रविवारी मी कंबर कसून निघाले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सगळ्यांसमोर शेवटचं पान मीच वाचणार, आम्हीवर जोर देऊन, खणखणीत. लिहिणारीच्या तोंडून ऐकल्यावर तरी मानतील. ताई मानेल. चांगली साडी नेसले. खुर्चीवरची उशी दिसली नाही, पण घाईत होते, शोधली नाही.

वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे. दुपारचं स्वच्छ ऊन जिन्यात पडलं होतं. वरून बोलण्याचा आवाज येत होता, पुष्कळ माणसांचा, मोकळा, मधून हसणं. माझ्या पुस्तकासाठी एवढी माणसं. सगळा राग असूनही मला भरून आलं. मी पदर सारखा केला.

व्हरांड्याच्या फरशीवर माझ्या चपला वाजल्या.

आतलं बोलणं थांबलं.

मी दारात आले, आणि सगळे उठून उभे राहिले.

मी थांबले. असा मान मला कुणी कधी दिला नव्हता. खोलीभर माणसं, दातांचे डॉक्टर, चष्म्याच्या बाई नवऱ्यासह आणि सासूसह, बँकेच्या रांगेतले इंजिनिअर, प्रकाशक, काठीवर रेललेले सर. सगळे ताठ उभे. सगळे माझ्याकडे बघत. मी हात जोडले आणि टाळ्यांची वाट बघितली.

टाळ्या झाल्या नाहीत.

मग मला वाचनाची टेबलं दिसली. ती एकाला एक लावून लांबलचक केलेली होती. भोवती खुर्च्या. प्रत्येक खुर्चीसमोर एक ताट, रिकामं, स्वच्छ पुसलेलं.

खिडकीकडे पाठ असलेल्या एका खुर्चीमागे कुणी उभं नव्हतं. तिच्यावर माझी उशी होती.

"तुझी पाठ दुखते ना," ताई म्हणाली. "म्हणून आणली."

ती त्या खुर्चीशेजारी उभी होती. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. माझ्या अभिमानाने.

मी पुस्तक उघडलं. पाठ केलेलं भाषण जिभेवर होतं. शेवटचं पान काढलं आणि शब्दावर बोट ठेवलं.

बोट ठेवलं त्या जागी आपण होतं.

पान मागे उलटलं. आपण. आणखी मागे. आपलं, आपल्याला, आपण. पहिल्या ओळीपर्यंत सगळीकडे. ते किती बरोबर दिसत होतं हे मला सांगता येणार नाही. दुसरा कुठला शब्द तिथे कधी शोभला असता, हेच आठवेना.

ताईने खुर्ची मागे ओढली. "बस," ती म्हणाली. "किती वेळ लावलास."

मी बसले. मग सगळे बसले. खिडकीतून वाऱ्याबरोबर लाटांचा आवाज येत होता. आपल्या गावाला समुद्र नाही, पण कुणी काही बोललं नाही, आणि मलाही ते बोलण्यासारखं वाटलं नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, आणखी एक ताट मांडलेलं होतं. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी.

"ते कुणाचं?" मी ताईला विचारलं.

"वाचतंय अजून कुणीतरी," ताई म्हणाली. "येईलच."

मग आपण दार नुसतं लोटून घेतलं. कडी घातली नाही.